वाढती पिंपळी

११ जानेवारी

ताई,

तू दोन वर्षांनी मोठी, म्हणून साष्टांग घालायला हवा. गुडघा दुखतो, तेव्हा घातला असं समज.

तुझं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत, डबा उघडता उघडता फोडलं, ही माझी चूक. आतेबहिणीचं पत्र, त्यात खुशाली असेल, फार तर शिवणकामाच्या गिऱ्हाइकांची निंदा असेल, अशी माझी भाबडी समजूत. तू दुसऱ्याच ओळीत आत्याच्या कफाचा रंग सांगितलास. ‘आधी पांढरा होता, मग पिवळा, आता हिरवट, शेवाळ्यासारखा.’ बाई, मी संस्कृत शिकवतो. आमच्याकडे हिरवं म्हणजे वनराई. डबा तसाच बंद केला आणि शिपायाला देऊन टाकला. तो आनंदानं जेवला.

तुझं म्हणणं समजलं. आत्याला दोन महिने खोकला आहे. डॉक्टरचं नाव काढलं की ती भिंतीकडे तोंड करून झोपते. तिला फक्त ‘दादाची पिंपळी’ हवी. दादा म्हणजे माझे बाबा, तुझे मामा, नाडी धरताना डोळे मिटणारे आणि फी घेताना उघडणारे वैद्य. त्यांची औषधांची वही माझ्याकडे आहे, तर ‘वही घेऊन स्वतः ये’, असा तुझा हुकूम.

येणं जमणार नाही. सराव परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे टेबलावर आहेत. शिवाय तुला माझा स्वभाव माहीत आहे. आजाऱ्याच्या खोलीत मी दारापर्यंतच सज्जन असतो. पुढे माझं पोट माझं ऐकत नाही.

वही मात्र काढली. ती कपाटाच्या माथ्यावर असते, पिशवीत, आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत. कारण तू विसरली असशील, मी नाही. बाबा रोग्याची जीभ बोटानं दाबून बघत, मग तेच बोट स्वतःच्या जिभेला लावून वहीचं पान उलटत. चाळीस वर्षं. किती लोकांच्या छातीतलं काय काय त्या कागदात मुरलं असेल! मी पानं पोस्टाची तिकिटं गोळा करायच्या चिमट्यानं उलटली आणि नंतर हात दोनदा धुतले.

पिंपळी ही मिरीच्या नात्यातलीच. पण मिरी गोल आणि गृहस्थ. ही लांबुडकी, करडी, खवल्याखवल्यांची, वाळक्या सुरवंटासारखी. वास मात्र राजघराण्यातला. चावली की आधी गोडसर, मग तिखट, मग जीभ आपली राहत नाही. वहीत ती सगळ्यांवर चालते: खोकल्याला मधातून, दम्याला तुपातून, मेलेल्या भुकेला गुळातून, जुन्या तापाला, पोटात सुजलेल्या पांथरीला, बाळंतिणीला, दुखऱ्या दाताला. झोप येत नसेल तर तिचं मूळ. निवडणुकीला उभी राहती तर बिनविरोध आली असती.

आत्या म्हणते तो प्रकार म्हणजे ‘वाढती पिंपळी’. उतरवून देतो. पहिल्या दिवशी तीन पिंपळ्या ठेचून दुधात तेवढंच पाणी घालून उकळायच्या. पाणी आटलं की गाळून कोमट द्यायचं. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी नऊ. अशा रोज तीन वाढवायच्या. बरं वाटेपर्यंत वाढवावी, असं एकंदर धोरण दिसतं.

आत्याला नमस्कार सांग. लांबून.

तुझा
पंडित


२० जानेवारी

चिरंजीव पंडितास,

पन्नाशी ओलांडलेल्याला चिरंजीव लिहिताना माझाच हात लाजला, पण तुझी अक्कल बघता शोभतं.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ‘लांबून’ हा शब्द गाळला. तिनं कागद हातात घेतला, डोळ्यांना लावला आणि म्हणाली, “दादाचं अक्षर नाही, पण बोलणं दादाचंच.” मग उठून बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा, न धरता.

पिंपळी आणायला जडीबुटीवाल्याकडे गेले. त्यानं गोणीत हात घातला, मूठभर काढून माझ्यापुढे धरली. पिंपळीत उंदराच्या लेंड्या. रंग तोच, आकारानं जरा लहान. मी म्हटलं, हे काय? तर म्हणतो, “बाई, निवडून घ्या, उकळल्यावर सगळं सारखंच.” दुसऱ्या दुकानात गेले, तिथे बुरशी. शेवटी पहिल्याकडूनच घेतली आणि घरी येऊन बटणांच्या ट्रेमध्ये पसरून एकेक निवडली. शाळेच्या गणवेशांची दीडशे काजं राहिली होती, ती ठेवली बाजूला. लेंड्या वेगळ्या, पिंपळ्या वेगळ्या. तुझं संस्कृत अशा वेळी कुठे असतं रे?

सोळा तारखेला सुरू केलं. आज पाचवा दिवस, पंधरा पिंपळ्या. दूध राखाडी होतं. वर तेलाचा तवंग येतो आणि तळाशी केसांसारखं काहीतरी राहतं. मी एक घोट घेऊन बघितला, तर घसा अर्धा तास माझ्याशी बोलत नव्हता. आई नाक दाबून घटाघटा पिते, ओठ पुसते आणि म्हणते, “उद्या अठरा ना?” शाळकरी पोरीसारखी.

कफ सुटतोय. थुंकायचा राखेचा डबा दिवसातून तीनदा बदलावा लागतो. तार निघते, बोटाला गुंडाळावी अशी. हे मुद्दाम लिहिलं आहे. तू जेवत असशील म्हणून.

आता नीट ऐक. कुठपर्यंत वाढवायचं? वीस? तीस? शंभर? ‘धोरण दिसतं’ म्हणजे काय? मामा असं मोघम लिहिणारा माणूस नव्हता. पाणीसुद्धा चमच्यानं मोजून लिहायचा. पुढच्या पानावर काय आहे ते बघ आणि कळव.

आणि ये. मी दिवसभर मशीनवर, आई आत एकटी खोकते. तिला तुझी आठवण येते. आई लहानपणी तुझं नाक पदरानं पुसायची, तेव्हा तिला कधी किळस आलेली मला आठवत नाही.

ताई


२९ जानेवारी

ताई,

तुझी तार पोचली. बोटाला गुंडाळावी अशी. त्या दिवशी शिपाई पुन्हा जेवला. असंच चाललं तर त्याचं वजन वाढेल आणि दोष तुझ्या माथी येईल.

आत्या उठून बसली हे वाचून मात्र खरंच बरं वाटलं. बाबांच्या औषधावर माझा विश्वास कधी नव्हता, पण आत्याचा आहे, आणि दोघांत तिचंच पारडं जड.

तू ज्या वनस्पतीतून लेंड्या निवडत बसलीस तिला संस्कृतात काय भारदस्त नावं आहेत बघ: कृष्णा, चपला, कणा, तीक्ष्णतंडुला. राणीवशाची यादी वाटते. यांतल्या एकीलाही उंदराचा शेजार शोभत नाही. जडीबुटीवाल्याला माझा निषेध कळव.

कुठपर्यंत वाढवायची, याचा आकडा मी वाचलेल्या भागात नाही. वही जुनी आहे, पानांची अवस्था वाईट आहे. तेव्हा गुण येतो आहे तोवर चालू ठेवायला हरकत नसावी. फारच वाटलं तर एखाद्या डॉक्टरला विचारून घे. आत्याला सांगू नकोस म्हणजे झालं.

नाकाची गोष्ट काढलीस ते बरं केलं नाहीस. मलाही आठवतं. पण बाबा बाहेरच्या खोलीत रोग्यांना वाटीत थुंकायला लावायचे आणि वाटी उजेडात तिरकी करून बघायचे, ते मला जास्त आठवतं. वाटीत ते हळूहळू सरकायचं. त्या खोलीतून पळून मी व्याकरणात शिरलो. धातूला कफ होत नाही. तुला हे हास्यास्पद वाटेल. वाटू दे.

गठ्ठे संपले की बघतो यायचं.

पंडित


३ फेब्रुवारी

पंडित,

आज सत्तावन्न.

तुझी विनोदी पत्रं यापुढे इस्त्रीच्या कपड्यांखाली घालीन. मी विचारलं एक, तू सांगितल्यास राणीवशाच्या गोष्टी.

आईचा खोकला कमी आहे, हे खरं. पण गेले सहा दिवस पोटात आग पडते म्हणते. छातीच्या खाली बोट ठेवून दाखवते. दूध कमी नि पिंपळीच जास्त होते आता. पातेल्यात लगदा शिजल्यासारखा दिसतो, वासानं शेजारीण खिडकी लावून घेते. काल आईनं अर्धं ओकलं. मी पुसलं, तर म्हणाली, “राहिलेलं दे, दादाचं औषध टाकायचं नाही.” आणि राहिलेलं प्यायली.

आणखी एक आहे. तुला वाचवणार नाही, पण वाच. चार दिवस तिला शौचाला काळी होते. काळी म्हणजे डांबरासारखी, चिकट. आणि वास असा, की मी धुवायला बसले आणि माझंच पोट उलटलं. मी म्हटलं, एवढी काळी पिंपळी पोटात जाते, तीच बाहेर पडत असणार. आईही तेच म्हणते, की रोग धुऊन निघतोय. पण तिचे ओठ कागदासारखे पांढरे झाले आहेत, आणि काल न्हाणीघरातून येताना ती दाराला धरून दोन मिनिटं उभी राहिली.

डॉक्टर म्हटलं की तेच उत्तर: “दादाची वही बोलते आहे तोवर मला कुणी कंपाउंडर नको.”

मी शिवणारी बाई. मला कापड कळतं. हे मला कळत नाही. थांबवू का चालू ठेवू? एक शब्द लिही. पण वही बघून लिही.

ताई


१० फेब्रुवारी

ताई,

हे पत्र पोचायच्या आत माझी तार पोचली असेल. ‘पिंपळी बंद कर, आत्ता दवाखान्यात ने.’ पोचली नसेल तर इथेच थांब, तिला घेऊन नीघ, मग पुढचं वाच.

तुझं पत्र माझ्या हातात सात तारखेला पडलं. ‘तुला वाचवणार नाही, पण वाच’ इथपर्यंत वाचलं, पुढच्या ओळीतला एक शब्द नजरेला लागला आणि मी कागद तिथे घडी घालून खिशात ठेवला. तीन दिवस. ती घडी मी आज उघडली. डांबर काय असतं ते मला विज्ञानाच्या मास्तरांनी सांगितलं. पोटात रक्त गळलं की ते खाली उतरताना काळं होतं. एवढंच म्हणाले.

आता बाकीचं. वहीत पुढचं पान आहे. पहिल्या दिवसापासून होतं. ते आधीच्या पानाला चिकटलेलं आहे. मधोमध हाताएवढा डाग, पिवळट, कडक, कडेला काळपट. लहानपणापासून तो डाग मी बघत आलो आणि तो कशाचा याबद्दल माझी खात्री होती. वाटीत सरकायचं तेच. ते पान सोडवायचं म्हणजे तो डाग ओला करायचा, त्याला बोट लावायचं. माझ्याच्यानं झालं नाही. मी चिमटा लावला, सुटलं नाही, आणि वही पिशवीत घालून तुला लिहिलं, ‘बरं वाटेपर्यंत वाढवावी, असं धोरण दिसतं.’ वहीत असं कुठेही नाही. ते मी रचलं. वाक्य बरं जमलं होतं, म्हणून मलाच खरं वाटायला लागलं. पुढच्या पत्रात तर तू सरळ विचारलंस, आणि मी राणीवसा पुढे केला.

आज किटलीच्या वाफेवर पान धरलं. सुटलं. आणि खोलीभर मधाचा वास आला. मध होता तो, ताई. औषध मधात कालवताना सांडलेला, त्यात दोन मुंग्या चपट्या होऊन बसलेल्या. एवढ्यासाठी मी आत्याला सत्तावन्न पिंपळ्या पाजल्या. म्हणजे साठ, त्रेसष्ट, मला आजचा हिशोब करवत नाही.

पानावर लिहिलं आहे ते जसंच्या तसं देतो. यापुढे माझ्या शब्दांत तुला काही देण्याची माझी लायकी नाही.

‘दहा दिवस चढ. तिसावर थांबणे. मग रोज तीन उतरणे. मिरची सोसत नाही अशा पित्ताच्या माणसास मुळीच देऊ नये. आमच्या बहिणीस दिली. सातव्या दिवशी रक्त ओकली. चूक माझी. तिला पुन्हा कधीही नाही.’

शेवटच्या तीन शब्दांखाली दोनदा रेघ आहे.

पंडित


१५ फेब्रुवारी

पंडित,

जिल्ह्याच्या इस्पितळातून लिहिते आहे, तुझ्या घरापासून चार गल्ल्यांवरून, म्हणून पत्र हातोहात पाठवते. कागद नर्सकडून मागून घेतला.

तार दहाला दुपारी आली. आई त्याच्या तासभर आधी ओकली होती. तांबडं नाही, काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं, उशीवर, माझ्या मांडीवर, बटणांच्या ट्रेमध्ये. भाड्याच्या जीपमध्ये मी तिला घेऊन बसले, जीपवाला नाकाला फडकं बांधून चालवत होता. मी त्याला बोलले नाही. मला तुझीच आठवण झाली.

तीन बाटल्या रक्त चढवलं. पोटाला जखम आहे, ती भरेल म्हणतात. छातीत पाणी झालंय ते वेगळंच, खोकला त्याचा होता. पहिल्या आठवड्यात आणलं असतं तर सुईनं काढून घरी पाठवली असती.

तुझं पत्र शेजारणीनं घरून इथे आणून दिलं, ते आईला वाचून दाखवलं. हो, सगळं. तिला झोप लागली असं वाटलं, तर डोळे मिटूनच म्हणाली, “मला आठवत होतं गं. सोळाची होते. दादानं दिली, मी रक्त ओकले, आणि दादा महिनाभर माझ्याशी डोळ्याला डोळा देऊन बोलला नाही.”

मी ओरडलेच. “मग प्यायलीस कशाला?”

तर म्हणाली, “पोरानं वही बघून लिहिलं होतं ना. मला वाटलं, दादानं मागाहून काही सुधारलं असेल. एवढा शिकलेला पोरगा न बघता लिहील होय?”

ऐकलंस? तिनं स्वतःच्या आठवणीपेक्षा तुझ्या वाक्यावर विश्वास ठेवला.

मी गेले दोन महिने काय काय पुसलं ते तुला सांगून मजा घेत होते, ते चुकलंच माझं. त्या कशाचीच मला किळस आली नाही. आईचं होतं ते. किळस मला तुझ्या त्या घडीची येते. तीन दिवस तो कागद तू खिशात घेऊन फिरलास. त्याच हातानं फळ्यावर लिहिलंस, जेवलास.

आता माफीचं पत्र पाठवू नकोस. ते सुंदर असेल, मला ठाऊक आहे. गणवेशाची ऑर्डर अडली आहे, दोन्ही शिलाईवाल्या बसून आहेत, मला सोमवारी परत जायला हवं. आईपाशी माणूस लागतो. इथे रोग्याचं सगळं नातेवाइकानं करायचं असतं, नर्स फक्त सुया टोचतात. सगळं म्हणजे सगळं.

सोमवारी सकाळी नऊला मी निघणार. तू आलास तर तुझ्या हातात सोपवून, नाही आलास तर शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या सुनेच्या हातात. ती अनोळखी आहे, पण ती पुसते.

ताई


२४ फेब्रुवारी
खाट क्रमांक एकोणीस

ताई,

सोमवारी तू माझ्याशी एक शब्द न बोलता पिशवी दिलीस आणि गेलीस, ते योग्यच झालं. पिशवीत काय काय कशासाठी आहे हे मला शेजारच्या वीस नंबरच्या म्हातारीच्या सुनेनं शिकवलं. ती मला ‘मास्तर’ म्हणते आणि माझ्याकडे बघून हसते, त्यात आदर नसतो.

तुला खरं तेच लिहायचं असं ठरवलं आहे. माझी किळस गेलेली नाही. आठ दिवसांत कमीही झालेली नाही. वॉर्डात चोवीस खाटा, एक मोरी. मोरीच्या जाळीत केस, बोळे आणि कुणाच्या तरी दातांची कवळी आहे. गुरुवारपासून आहे, कुणी विचारायला आलेलं नाही. फरशीवर फिनेल आणि त्याखाली फिनेलनं न झाकलेलं बाकी सगळं. मंगळवारी आत्याच्या पाठीतून सुईनं पाणी काढलं. मला बाटली धरायला सांगितली. गढूळ, पिवळं, कोमट, वर फेस. बाटली हातात हळूहळू जड होत गेली. मी छताकडे बघत होतो. डॉक्टरीण म्हणाली, “काका, बाटली बघा, छत भरत नाहीये.” मग बघितली. लिटरभर होतं.

त्यानंतर आत्या पहिल्यांदा पूर्ण श्वास घेऊन बोलली. म्हणाली, “अंगाला वास मारतोय तुझ्या. आंघोळ कर.” वास तिचाच होता, माझ्या सदऱ्यावर.

दवाखान्याचा पातळ भात ती खाते. डॉक्टरीण म्हणते पोटाची जखम भरते आहे, पुढच्या गुरुवारी सोडतील, छातीची औषधं सहा महिने. तुझ्याकडे एकच खोली आणि त्यात दोन मशिनी. माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि इस्पितळ चार गल्ल्या पलीकडे. मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, “तुझ्याच्यानं होईल?” मी म्हटलं, “नाही. पण करीन.” ती म्हणाली, “शिपायाला बोलावू नकोस मात्र.” म्हणजे माझी पत्रं तू खरंच सगळी वाचून दाखवत होतीस.

मी तिच्यापुढे क्षमेचं काढलं होतं. तिनं पुरं ऐकलंच नाही. म्हणाली, लघवीचं भांडं दे.

आज दुपारचं सांगून संपवतो. नव्या गोळ्यांनी तिला मळमळतं. घाईनं हाक मारली, मी तसराळं घेऊन धावलो, तिच्या हनुवटीखाली धरलं आणि पहिल्याच उमाळ्याला माझं पोट उलटलं. तसराळं तसंच तिच्या मांडीवर टाकून मी मोरीकडे पळालो. त्या कवळीवर ओकलो. वीस नंबरची सून मोठ्यानं हसली, नर्सनं मला सगळ्यांदेखत झापलं. तोंड धुतलं, परत आलो. आत्या तसराळं दोन्ही हातांनी धरून, वाकून, माझी वाट बघत बसली होती. ओठावरून तार लोंबत होती.

“झालं तुझं?” तिनं विचारलं.

“झालं.”

“मग आता माझं धर.”

धरलं.

पंडित